झेंडेकाका आणि मधली कमान

माझ्या सासऱ्यांना अख्खं गाव झेंडेकाका म्हणायचं. आमचं आडनाव वेगळंच आहे, पण लग्नानंतर पहिल्यांदा एकटी सासरी आले तेव्हा ते आडनाव सांगून पत्ता विचारला तर कोणालाच कळेना. दोघा-तिघांनी नुसत्या माना हलवल्या. शेवटी एक रिक्षावाला म्हणाला, "पुलावरच्या झेंडेकाकांची सून का तुम्ही? मग तसं सांगा की!" त्याच हिशेबाने सासूबाई झेंडेकाकू होत्या, माझे यजमान झेंड्यांचा मुलगा, आणि आठवडाभरात मीही झेंड्यांची सून झाले.

झेंडे दोनच. एक लाल, एक हिरवा. ते घेऊन सासरे नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर उभे राहायचे आणि कोणती गाडी आधी जाणार, कोणती थांबणार ते ठरवायचे. ही वेळ का आली हे सांगायला पुलाच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं, आणि सासरे दर वेळी तितके मागे जायचेच.

पूल पाच कमानींचा, काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. दोन्ही काठांवरून दोन टोळ्यांनी एकदम काम सुरू केलं. दोन्ही मुकादम एकमेकांना पाण्यात पाहायचे, आणि पाणीही मधोमध होतंच. मधल्या कमानीपाशी दोन्ही बाजू भेटल्या तेव्हा एक बाजू दुसरीपेक्षा हातभर उंच निघाली. "तू खाली घे," "तू वर घे," असं करत कोणीच माघार घेईना. शेवटी मधली कमान उंच चढवून दोन्ही बाजू तिला टेकवल्या, आणि पुलाला मधोमध पोक आलं ते कायमचं. सासरे म्हणायचे, "दोन माणसांच्या नाकाची उंची आहे ती."

त्या पोकामुळे या टोकाला त्या टोकाची गाडी दिसत नसे, आणि रुंदी म्हणाल तर एकच गाडी जेमतेम जाईल. बैलगाड्यांच्या काळात दोन गाडीवान मधोमध समोरासमोर आले की आधी एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस व्हायची, मग त्यातल्या एकाला बैल सोडून गाडी हाताने मागे ढकलत न्यावी लागायची. पुढे मोटारी आल्या. त्यांना तर बैलांइतकीही समज नव्हती. एक ट्रक कठडा तोडून अर्धा बाहेर लोंबकळला, तेव्हा कुठे बांधकाम खात्याने पुलावर रोजंदारीचा माणूस नेमला. त्याला दोन झेंडे दिले, शिट्टी दिली, कंदील दिला आणि गावाकडच्या टोकाला बसायला दगडी चौकी बांधून दिली. आणि एक काम सगळ्यांत वरचं म्हणून बजावून सांगितलं. मधल्या खांबावर एक रेघ कोरलेली होती. पुराचं पाणी त्या रेघेला लागलं की दोन्ही टोकांना लोखंडी साखळी लावायची. साखळी दिसली तर पूल बंद, नाही दिसली तर चालू. बसचे ड्रायव्हर तेवढंच बघायचे.

सासरे त्या कामावर लागले तेव्हा ऐन तरुण होते. पुलावर त्यांचा जीव होता. कुठल्या दगडावर पाय दिला की तो डुगडुगतो आणि कुठल्या फटीत पाकोळ्या राहतात, हे त्यांना पाठ होतं. लग्न झालं, मुलगा झाला, तो बोबडं बोलायला लागला, आणि मग तो पूर आला.

वरच्या अंगाला कुठेतरी दिवसभर झोडपत होतं. आमच्याकडे पाऊस दुपारनंतर आला, पण पाणी त्याच्या आधीच चढायला लागलं होतं. संध्याकाळी रेघ बुडाली. सासरे आधी पलीकडच्या टोकाला गेले, तिथली साखळी नीट लावली, कुलूप घातलं आणि गावाकडे परत निघाले. पोकावर आले तेव्हा पायाखाली काहीतरी हललं.

"डुगडुगणारा दगड नव्हता तो," ते मला फार वर्षांनी म्हणाले. "अख्खा पूल होता. जनावर अंग झाडतं ना, तसं."

ते पळाले. अलीकडच्या टोकाला आले, साखळी त्यांच्या पायाशी पडली होती, ती ओलांडून पुढे पळाले. चौकीसमोरून गेले, थांबले नाहीत. टेकाडावर एक बंद पडलेली वीटभट्टी होती, तिच्या छपराखाली जाऊन बसले. तिथे कोणाच्या तरी शेळ्या आधीच आडोशाला आलेल्या होत्या. दोन्ही झेंडे सासऱ्यांच्या पट्ट्यात खोचलेलेच होते. एका शेळीने हिरव्या झेंड्याचं टोक चघळायला सुरुवात केली. ते तिच्याकडे बघत राहिले, तिला हाकललं नाही.

थोड्या वेळाने मधली कमान गेली. मोठा आवाज झाला नाही म्हणे. कोणीतरी लांब उसासा टाकावा तसं झालं. त्याच वेळी त्यांच्या डोक्यात आलं की अलीकडची साखळी लावलेली नाही, आणि संध्याकाळची बस अजून जायची आहे.

भट्टीपासून चौकी काही लांब नव्हती. उताराचा रस्ता. ते उठले नाहीत. "मी पाय उचलले नाहीत," असं ते सांगायचे. "'पाय उचलेनात' असं म्हणायची मला सोय नाही, सूनबाई. ते उचलले असते. मीच उचलले नाहीत." बस चढाला लागल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी कानांत बोटं घातली. बोटं काढली तेव्हा फक्त पाण्याचा आवाज होता. बस गेली, असं ते धरून चालले. पहाटेपर्यंत ते शेळ्यांमध्ये तसेच बसून होते.

उजाडल्यावर खाली आले. पुलाच्या मधोमध भलं मोठं भगदाड होतं. हातांना सवय होती म्हणून त्यांनी साखळी उचलून लावली आणि तिच्यापाशी उभे राहिले. गावातून माणसं येताना दिसली. त्यांच्या पुढे बसचा ड्रायव्हर होता. जाडजूड, हसरा गडी, सासऱ्यांच्याच वयाचा. तो धावतच आला. सासऱ्यांना वाटलं मेलेला माणूस मारायला येतोय, आणि ते मार खायला मान खाली घालून तयार राहिले.

ड्रायव्हरने त्यांना मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "अरे झेंड्या! तू नसतास तर आज सगळे तळाला असतो रे! असा लाल झेंडा हलवत आडवा उभा राहिलास, मी ब्रेक मारला, दिव्याच्या उजेडात बघतो तर पुढे पूलच नाही! तसाच उलटा हाणला तो थेट फाट्यापर्यंत. तुला हाकसुद्धा मारली नाही. माफ कर."

सासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. कोणीतरी त्यांच्या पट्ट्यातले झेंडे काढून बघितले. "हे बघा, वाऱ्याने हिरव्या झेंड्याच्या चिंध्या झाल्यात, आणि हा पठ्ठ्या उभाच!"

"'शेळीने खाल्ला.' दोनच शब्द होते," सासरे म्हणायचे. "तेवढे बोललो असतो तर बाकीचं आपोआप बाहेर पडलं असतं. बोललो नाही."

घरी आले तर अंगणातल्या दोरीवर स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं लाल मेणकापड चिखलाने भरलेलं, निथळत लटकत होतं. सासूबाई चुलीपाशी होत्या. गुडघे दोन्ही सोललेले.

"तू गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बस?"

"थांबली."

"अगं, मी..."

"चहा घ्या," त्या म्हणाल्या आणि कप त्यांच्यापुढे ठेवून मुलाला आणायला शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे गेल्या.

म्हणजे तिने माझी जागा घेतली, आणि मी कुठे होतो हे तिला कळलंय, असं सासऱ्यांना उमगलं. तो विषय त्यांच्यात पुन्हा निघाला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. वर्तमानपत्रात फोटो आला. खात्याच्या मोठ्या साहेबांनी हात मिळवला, पदक दिलं आणि रोजंदारीवरून कायम केलं. त्या कायम नोकरीवर माझ्या यजमानांचं शिक्षण झालं, घराला वरची खोली झाली, तीत आम्ही दोघं राहतो. मधल्या कमानीच्या जागी लोखंडी तुळया टाकून वर सिमेंटचा तुकडा बसवला. हिरवा झेंडा काचेच्या चौकटीत घालून खात्याच्या कचेरीत टांगला. खाली लिहिलं, 'वादळात फाटलेला झेंडा'. पगाराच्या दिवशी सासऱ्यांना त्या चौकटीखालीच रांगेत उभं राहावं लागायचं. एकदा त्यांनी कारकुनाला विचारलं, "तो माझा झेंडा परत मिळेल का?" कारकून म्हणाला, "काका, आता तो सरकारी झाला."

मी या घरात आले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. जेवताना मी हौसेने म्हणाले, "बाबा, त्या पुराची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीय." सासरे अर्ध्या ताटावरून उठले. नळ चालू राहिलाय म्हणाले. नळाला त्या वेळी पाणीच नसतं. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना आवडत नाही. पुन्हा काढू नकोस." मला वाटलं, काय निगर्वी माणूस आहे!

तसे ते वागायचेही विचित्र. ऊन असो, थंडी असो, तापाने अंग फणफणलेलं असो, पूल सोडायचे नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेले नाहीत, बहिणीने कित्येक वर्षं अबोला धरला. घरात सासूबाईंपुढे कधी आवाज चढवला नाही. स्वतःचं ताट स्वतः घासायचे, दमून आले तरी एकुलती खुर्ची त्यांच्यासाठी सोडून पायरीवर बसायचे. मित्र चेष्टा करायचे, "झेंड्या, तुझ्या घरी हिरवा झेंडा वहिनींच्याच हातात दिसतो!" ते हसायचे, पण हसू गालापलीकडे जायचं नाही. सासूबाईंना या सगळ्याचा राग यायचा, हे मला दिसायचं. का, ते कळायचं नाही. "बसा हो खुर्चीवर," त्या करवादायच्या. "पाहुण्यासारखे काय वागता आपल्याच घरात!"

ते निवृत्त झाले, पुढे खालच्या अंगाला नवा रुंद पूल झाला आणि जुना फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला. खात्याने ठरवलं की त्याचा इतिहास सांगणारा एक फलक टोकाला लावायचा. माहिती घ्यायला एक बाई आमच्या घरी आल्या. सासऱ्यांना केवढा आनंद झाला! दोन मुकादम, बैलगाड्या, लोंबकळणारा ट्रक, पाकोळ्या, सगळं हातवारे करून सांगितलं. बाई हसत हसत लिहून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "आणि आता पूर. तो तर तुमच्याकडूनच ऐकायचा."

सासरे थांबले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"मी नव्हतो तिथे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"साखळी लावायची राहिली होती. मी पळून गेलो होतो. बस माझ्या बायकोने थांबवली."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं. "काका, लोकांनी सांगितलंच होतं मला, ते स्वतःचं मोठेपण कधी सांगणार नाहीत म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाकीचं मी ड्रायव्हरकडून घेते."

त्या गेल्यावर सासऱ्यांनी मला परसात बोलावलं आणि भट्टी, शेळ्या, झेंडा हे सगळं सांगितलं. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली नाही, मला लाज वाटली. ही गोष्ट मी माझ्या माहेरी, शेजारी, कितीदा मिरवून सांगितली होती! माझ्या यजमानांनाही हे कळलं. शाळेत असताना दरवर्षी त्यांना उभं करून 'झेंड्यांचा मुलगा' म्हणून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावायचे. त्यांनी फलकाच्या कार्यक्रमाला यायचं नाही असं ठरवलं, कामाचं निमित्त काढलं.

कार्यक्रम पुलाच्या तोंडाशीच होता. खुर्च्या, माईक, फलकावर पडदा. अध्यक्षांनी भाषणात पुराचा प्रसंग असा रंगवला की बायका डोळे टिपू लागल्या. मग त्यांनी सासऱ्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सासरे उठले. माईक जास्त उंच होता, कोणीतरी खाली करून दिला.

"मी पळालो होतो," ते म्हणाले. "साखळी न लावता पळालो. भट्टीवर जाऊन बसलो. पुलावर बायको उभी होती, मी नव्हतो. तो झेंडा शेळीने खाल्लाय."

मग शेळीचं ऐकून कोणीतरी खदखदून हसलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. "पाहा, याला म्हणतात मोठा माणूस! श्रेयसुद्धा पत्नीला देतात, आणि वर विनोदही करतात!" बसचा ड्रायव्हर आता म्हातारा झाला होता, काठी टेकत होता. तो जागेवरून ओरडला, "अरे, मी या डोळ्यांनी बघितलंय! काय सांगतोस लोकांना!"

सासरे माईकपाशी तसेच उभे राहिले. उघडं पडायला गेलेल्या माणसाच्या अंगावर लोकांनी आणखी एक पांघरूण घालावं, तसं झालं ते. मी बाईमाणसांच्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या.

घरी येऊन दार लावल्याबरोबर त्या फुटल्या.

"माईकवर माझं नाव घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"अगं, खरं तेच बोललो," सासरे म्हणाले. "इतकी वर्षं तुझं श्रेय मी खातोय. ओठ शिवून बसलीस तू माझ्यासाठी. तुझ्यासमोर खुर्चीवर बसायची मला लाज वाटते."

"तुमच्यासाठी नाही बसले ओठ शिवून!" त्या म्हणाल्या आणि त्याच खुर्चीत मटकन बसल्या. "मी पूल राखायला गेलेच नव्हते. मला कसला पूल नि कसली बस! तुम्हाला शोधायला गेले होते."

सासरे पायरीवर टेकले.

"पाणी खालच्या घरांपर्यंत आलं. पोराला शेजारी दिलं, हाताला लागलं ते मेणकापड डोक्यावर घेतलं आणि निघाले. चौकीचं दार आपटत होतं. कंदील जळतोय, छत्री कोपऱ्यात, आणि तुम्ही नाही. साखळी खाली पडलेली. मला वाटलं, साखळी लावता लावता गेले. पुलावर शिरले हाका मारत. 'अहो, अहो' म्हणून ओरडत होते. नाव घ्यायची सवय नाही ना मला. पोकावर गेले तर पुढे रस्ताच नाही. एक पाय रिकाम्यात गेला, तशी गुडघ्यांवर पडले. रांगत मागे आले. तेवढ्यात बस दिसली."

"आणि तू थांबवलीस."

"कुठली थांबवते!" त्यांचा आवाज फुटला. "बस बघून मला आनंद झाला. म्हटलं माणसं आली, उतरतील, दोर टाकतील, तुम्हाला वर काढतील. मेणकापड हातात घेऊन मी हलवत होते ते 'थांबा' म्हणून नव्हतं हो. 'या' म्हणून होतं. 'या, या, लवकर पुढे या!' अख्ख्या बसला मी पाण्यात बोलवत होते. पुढे पूल नाही हे मी नुकतंच बघितलं होतं, पण ते माझ्या डोक्यातच नव्हतं. डोक्यात तुम्हीच होतात. त्या ड्रायव्हरला लाल दिसलं आणि त्याने ब्रेक मारला, त्यात माझं काय?"

बाहेर कोणीतरी कार्यक्रमाच्या खुर्च्या गाडीत टाकत होतं, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"सकाळी तुम्ही धडधाकट आलात," त्या जरा शांत होऊन म्हणाल्या. "कपड्यांना शेळ्यांचा वास. कळलं मला. संताप आला. पण बोलणार कोणत्या तोंडाने? तुम्ही साखळी नाही लावली, आणि मी तर हात करून बोलावलं. म्हटलं झाकलेलं बरं. मग तुम्ही मला देव्हाऱ्यात बसवायला लागलात. खुर्ची काय, ताट काय. रोज वाटायचं, ओरडून सांगावं, मी तशी नाही म्हणून."

सासरे पायरीवर बसले होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. असं वाटलं होतं, आता ओझं उतरेल. माझी तरी तशी समजूत होती. पण त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"मी ऐकली होती ती हाक," ते हळूच म्हणाले.

सासूबाईंनी मान वर केली.

"बस यायच्या आधी. वाऱ्यावर 'अहो, अहो' ऐकू आलं होतं. वाटलं, दुसऱ्या कोणाची तरी बायको असेल, तिच्या नवऱ्याला बोलवत असेल."

सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाची असती तरी उठायला हवं होतं तुम्ही."

"हो," सासरे म्हणाले.

त्यानंतर काही दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. सासरे बोलावलं तर जेवायला यायचे, नाही तर नाही. एका सकाळी स्वच्छ शर्ट घालून ते खात्याच्या कचेरीत गेले. फलकावर त्यांच्या शौर्याची ओळ होती, ती काढा म्हणाले. मी घाबरत घाबरत सुचवलं होतं की तिथे आईंचं नाव घालायला सांगा, तर सासूबाईच कडाडल्या, "एक खोटं पुसून दुसरं लिहायचंय का?" कचेरीतल्यांनी सासऱ्यांना चहा पाजून परत पाठवलं. ते पुन्हा गेले. पुन्हा चहा. असे जातच राहिले. शेवटी साहेब वैतागले, यांच्या चहापेक्षा नवा फलक स्वस्त पडेल म्हणाले. आता तिथे एवढंच लिहिलंय की पुरात मधली कमान पडली, जीवितहानी झाली नाही.

फलक बदलल्यावर ड्रायव्हर काठी आपटत आमच्या घरी आला. "झेंड्या, तू मला गावात खोटा पाडलास. जन्मभर सांगत आलोय मी ती गोष्ट. मी बघितलं ते काय भूत होतं?"

"ती मी होते, भाऊजी," सासूबाई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं, 'या, या' सकट.

ड्रायव्हरचा चहा निवून गेला. त्याने एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. "मग वहिनी, मी आभार मानू कोणाचे? रोज सकाळी उठून मानतो हो मी."

"ब्रेकचे माना," सासूबाई म्हणाल्या.

तो आधी हसला, मग डोळे पुसले, मग रागावून निघून गेला. बसस्टँडवर तो अजून जुनीच गोष्ट सांगतो, असं ऐकते. त्याला कोणी काही म्हणत नाही. सासऱ्यांचीही त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती.

ते मात्र रोज संध्याकाळी जुन्या पुलावर जायला लागले. फलकापाशी उभे राहायचे आणि फिरायला आलेल्या अनोळखी माणसांना थांबवून सांगायचे, "इथे लिहिलेलं नाही, पण साखळी लावायची राहिली होती. माझ्याकडून." लोक कसनुसं हसून, मुलांचा हात धरून पुढे सटकायचे. कोणी घरी येऊन सांगायचं, काकांना जरा सांभाळा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. यजमान म्हणायचे, जा, घेऊन ये त्यांना. सासूबाई म्हणायच्या, "सांगू दे." मी जायची, आणि ते मुकाट्याने माझ्याबरोबर घरी यायचे. पाय साथ देत होते तोपर्यंत त्यांनी हे सोडलं नाही.

एकदा मी गेले तेव्हा एक बाई खरंच थांबून ऐकत होती. भाजीची पिशवी तिने खाली ठेवली होती.

"मग बसचं काय झालं?" तिने विचारलं.

"थांबली."

"कोणी थांबवली?"

सासऱ्यांनी नदीकडे बघितलं.

"ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही," ते म्हणाले.